सेट म्हणजे काय काय

३ मार्च

आज पाण्यालाही सेटच.

पेला पुढे केला— "सेट." मागे घेतला— "सेट." शेवटी ओठांना लावला तर घटाघटा प्याले. म्हणजे हवं होतं. म्हणजे पहिला सेट होकाराचा आणि दुसरा रागाचा. असं मी धरून चालले आहे.

दवाखान्यातून घरी आणताना मेंदूचे डॉक्टर म्हणाले होते, झटका डाव्या बाजूला आलाय, म्हणून उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलंय. बोलणं हळूहळू येईल. आलं की! एक शब्द आला आणि दारातच फतकल मारून बसला. मागच्यांना आत यायला वाट नाही. अख्ख्या भाषेतून ह्यांना हाच सापडावा? आई नाही, पाणी नाही, माझं नाव नाही.

नवल तरी कसलं म्हणा. जन्मभर कवळ्या केल्या. घराच्या पुढच्या खोलीत कारखाना. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याचं माप यायचं, हे त्यात प्लास्टर ओतायचे, ते घट्ट झालं की नखाने टकटक करून म्हणायचे, "सेट." मेणावर एकेक दात बसवून झाला की, "सेट." डॉक्टरांनी फोनवर विचारलं काम कुठवर आलं, तरी तेच. बाकीचं सगळं बोलायला मी होतेच. डॉक्टर चिडवायचे, "दातांचं काम हे करतात, तोंडाचं काम वहिनी." मी हसायचे. खोटं थोडंच होतं!

५ मार्च

आता अर्थ लागायला लागलाय. आखूड, खाली पडणारा— हो. लांबवलेला, "सेऽट"— कंटाळा आलाय, टीव्ही बंद कर. शेवट वर गेला तर प्रश्न. दोनदा पटपट— लघवीची बाटली, आणि ती लगेच. इथे उशीर केला तर चादर बदलावी लागते, म्हणून हा मला सगळ्यांत आधी पाठ झाला.

लहान बाळाचं रडणं आईला कळतं म्हणतात. आम्हाला मूल झालं नाही, तेव्हा ही विद्या मला आता, या वयात, या माणसाकडून शिकायची होती तर.

८ मार्च

नणंद येऊन राहिलीय दोन दिवस. धाकटी असून आल्याआल्या घराचा ताबा घेते, सवयच आहे तिची. सकाळी ह्यांनी थांबून थांबून "सेट" सुरू केलं. ती म्हणाली, "दादाला खिडकी उघडून हवीय." मी म्हटलं, "चहा हवाय." ती म्हणाली, "वहिनी, माझा भाऊ आहे तो, मला कळतं." मी म्हटलं, "नवरा माझा आहे, मला जास्त कळतं." पलंगाच्या दोन बाजूंना दोघी उभ्या, मधे हे, मान इकडून तिकडे फिरवताहेत. शेवटी तिने खिडकी उघडली, मी चहा दिला. दोन्ही वेळा ह्यांनी "सेट" म्हटलं. दोघी जिंकलो!

मग कूस बदलायला घेतली तर कमरेखाली व्यायामाचा रबरी चेंडू. तासभर रुतत असणार. तांबडा वळ उठला होता.

नणंदेने चेंडू उचलला. मी तेल लावलं.

९ मार्च

चूक तिचीही होती, माझीही. पण माझी कमी.

१२ मार्च

व्यायाम करून घेणारा मुलगा गोड आहे, पण रोज येतो आणि म्हणतो, "चला काका, दहाचे तीन सेट!" हे त्याच्याकडे असं बघतात की जणू ह्यांच्या खिशातलं काहीतरी त्याने काढून घेतलंय.

आणि एकदा कानात बसलं की सुटत नाही. हा शब्द काय ह्यांचा एकट्याचा आहे? नणंद म्हणते, माझी दोन्ही मुलं सेट झाली. औषधाच्या दुकानदाराने विचारलं, बीपीच्या गोळीचा डोस सेट झाला का. शेजारीण सोफासेट विकायला काढतेय. केस कापायला गेले तर ती पोरगी म्हणाली, काकू, सेट करून देऊ? मी म्हटलं, नको गं बाई, घरी भरपूर आहेत. तिला काही कळलं नाही.

दुपारी शाळेतला जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला. एवढासा शब्द, इंग्रजीत तीन अक्षरी, आणि अर्थ संपता संपेनात. मांडणे. बसवणे. घट्ट होणे. हाड जागेवर आणणे. घड्याळ लावणे. संच. सूर्य मावळणं तेसुद्धा सेट! हे मला माहीतच नव्हतं. पान उलटलं तरी पुढे चालूच. म्हटलं, बरं आहे, एकाच शब्दावर जगायचं असेल तर निदान मोठा तरी मिळाला. जगात सगळे तो वापरतात आणि उठून पुढच्या शब्दाकडे जातात. ह्यांना तेवढं उठता येत नाही.

१४ मार्च

दातांच्या डॉक्टरांचा फोन. भिडस्त माणूस, इकडचं तिकडचं बोलून मग मुद्द्यावर आले. एका आजीबाईंची कवळी झटका आला त्या दिवसापासून ह्यांच्या टेबलावर पडून आहे. मेण तयार, दात बसवायचे राहिलेत. आजीबाई गेले कित्येक दिवस पातळ जेवणावर. दुसरीकडे देऊ का, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "नको. करून देते."

का म्हटलं? प्लास्टर मी ओतते, घासून चमक आणते, उकळत्या पाण्याने मेणही काढते. पण दात बसवणं कधीच ह्यांनी मला दिलं नाही. मी मागितलंही नव्हतं. मधेच कोणी बोललं तरी ह्यांचा हात थांबायचा, म्हणून त्या वेळात मी स्वयंपाकघरात. पण दुसरीकडे एक काम गेलं की दहा जातील. आणि कारखाना बंद झाला तर हे बरे होऊन करायचं काय? हे शेवटचं डॉक्टरांना नाही म्हटलं. इथेच लिहितेय.

१७ मार्च

बसवले! सबंध दिवस गेला. चिमटीत दात धरायचा, मेण तापवायचं, टेकवायचा, थंड होऊ द्यायचा, वाकडा झाला की परत. बिजागरीच्या यंत्रावर वरचा जबडा खालच्यावर मिटून पाहिला. पाठ मोडली. डोळे चुरचुरताहेत. पण ओळ कशी दिसतेय— शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलींसारखी, सगळ्या सरळ.

१८ मार्च

आजचा दिवस चांगला.

सकाळी ते यंत्र उशीजवळ नेलं. म्हटलं, "अहो, बघा तर." ह्यांनी डाव्या हाताने ओढून घेतलं. किती वेळ बघत होते! उघडलं, मिटलं, बाजूने पाहिलं, खालच्या दाढांवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "सेट." मी म्हटलं, "झालं ना? पाठवू?" "सेट." आवाज चढला. मी म्हटलं, "एवढं आवडलं?" "सेट!" आणि यंत्र माझ्या अंगावर ढकललं, घे, ने एकदाची.

मी ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, शाबासकी नंतर द्या, आधी पाठवते. खरं सांगायचं तर रडले थोडी. किती दिवसांनी ह्यांनी माझं काम पास केलं! म्हणजे नजर शाबूत आहे. हात गेला तर गेला, हे बघतील आणि मी करीन. दात आहेत तर चणे नाहीत असं आमचं आजवर कधी झालं नाही. आताही नाही होणार.

रिक्षाने जाऊन स्वतः दवाखान्यात देऊन आले.

२१ मार्च

परत आली.

डॉक्टर स्वतः घेऊन आले, म्हणजे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. नुसत्या मेणावर बसवून पाहिली, आजीबाईंना तोंडच मिटता येईना. मिटायला गेल्या तर गाल चावला. बिचाऱ्या म्हणे डॉक्टरांचीच समजूत घालत होत्या, असू दे, सवय होईल.

"वहिनी, खालच्या दाढा. डाव्या उजवीकडे बसवल्यात, उजव्या डावीकडे." एकेक दाखवलं. दाखवल्यावर कुणालाही दिसेल. माप घेऊन येणाऱ्या पोऱ्यालाही दिसेल. मीच आंधळी.

मी एकच म्हटलं, "ह्यांना दाखवली होती हो." डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

२२ मार्च

कालपासून एकच.

ह्यांनी दाढांवरून बोट फिरवलं होतं. नेमकं दाढांवरून. मग तीनदा म्हणाले, प्रत्येक वेळी मोठ्याने, आणि यंत्र ढकललं. मी काय ऐकलं? छान. छान. छान, ने!

ह्यांना चूक दिसली असेल तर हे आतून ओरडत होते— अगं उलट्या बसवल्यास, काढ, काढ— आणि मी हसत हसत डोक्यावरून हात फिरवत होते. मग आजवर आणखी काय काय ओरडले असतील? किती वेळा?

आणि दिसली नसेल, तर ज्या माणसाला चिमटीतल्या दातावरून डावं-उजवं कळायचं तो माणूसच आत नाही. नुसती जीभ हलतेय.

या दोन्हींतलं कुठलं मागू?

२८ मार्च

आज पहिल्यांदा बोलण्याच्या बाई आल्या. मेंदूच्या डॉक्टरांनी पाठवल्या. गेलेलं बोलणं परत आणण्याचं शिकलेल्या. लहान आहेत वयाने, पिशवीत चित्रांचे पत्ते. मला म्हणाल्या, "काकू, तुम्ही बाजूला बसा. आणि काही झालं तरी सांगू नका."

सोपं नाही ते. तोंडावर हात धरून बसले.

"काका, ही खुर्ची आहे का?" खुर्चीचं चित्र. मान हलली, "सेट." "काका, हा मासा आहे का?" तीच खुर्ची. मान हलली, "सेट." बाईंनी पत्ता खाली ठेवला. "तुम्ही पुरुष आहात का?" हो. "तुम्ही बाई आहात का?" हो. "आत्ता पाऊस पडतोय?" बाहेर रणरणतं ऊन. हो. "सेट." आणि काय समाधानाने म्हणत होते! अभ्यास पाठ असलेला मुलगा गुरुजींना उत्तर देतो तसं.

मग बाईंनी मला बाहेर नेलं. मी माझी सगळी यादी सांगितली. आखूड म्हणजे हो, लांब म्हणजे कंटाळा, चढता म्हणजे प्रश्न. त्यांनी मधे तोडलं नाही. नंतर म्हणाल्या, "काकू, सूर खरा असतो. राग, आनंद, दुखणं, ते सुरातून कळेल. पण हो आणि नाही यावर सध्या विश्वास ठेवू नका. ते दोन्हीला हो म्हणताहेत."

मी विचारलं, "मग त्यांना कळतं का?"

"थोडं कळतं. किती, ते मला सांगता येणार नाही. आणखी एक, रागावू नका. तुम्ही त्यांच्या आधी उत्तर देता. आत्ता गप्प होतात, तरी ओठ तुमचे हलत होते. जरा थांबून बघा. त्यांना वेळ लागतो."

रागावले नाही. म्हणजे तेव्हा नाही. त्या गेल्यावर भांडी आपटली.

२९ मार्च

थांबून पाहिलं. जेवायला काय देऊ विचारलं आणि थांबले. किती थांबायचं माणसाने? भात निवला. मग भरवला.

४ एप्रिल

आता विचारत नाही. वेळ झाली की पाणी, वेळ झाली की बाटली, कुशीवर, पाठीवर. हे "सेट" म्हणतात, मी "बरं" म्हणते. शब्दाला शब्द. पूर्वी मी दिवसभर बडबडायचे, आज भाजीवाला काय म्हणाला, शेजारीण कुणाशी भांडली. ती बडबड आता कुणासाठी? काल स्वयंपाकघरात माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

बोलण्याच्या बाई येतात, पत्ते दाखवतात, जातात. चांगल्या आहेत. काही होत नाही.

९ एप्रिल

नणंदेचा फोन. बरेच दिवस तिच्या मनात होतं, आज बोलली. "वहिनी, तू एकटी किती ओढशील? माझी मागची खोली रिकामी आहे. दादाला इथे आणू. दोघी मिळून करू." मग दातांच्या डॉक्टरांनीही तेच वेगळ्या तोंडाने सांगितलं. त्यांचा पुतण्या कवळ्यांचंच काम शिकून आलाय, जागा शोधतोय. घर-कारखाना तसाच्या तसा चालवील, यंत्रं, टेबल, सगळं.

म्हणजे दोघांनी आपसांत आधीच ठरवलंय. चिडायला हवं होतं. महिन्यापूर्वी नणंदेला असं काही सुनावलं असतं की फोन तापला असता. आज म्हटलं, "बघते."

बघण्यासारखं काय आहे? आजीबाईंची कवळी शेवटी दुसरीकडेच झाली. त्यानंतर डॉक्टरांनी काम पाठवलं नाही आणि मी मागितलं नाही.

झटका आला त्याच दिवशी हे गेले असते तर बरं झालं असतं, असं आज अंघोळ घालताना मनात आलं. ह्यांच्याच पाठीला साबण लावत होते. आलं ते आलं. लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा यायला नको.

१० एप्रिल

पुन्हा आलं.

१३ एप्रिल

हो कळवलं. दोघांनाही.

डॉक्टर सज्जन माणूस. म्हणाले, "त्यांना विचारलंत?" मी म्हटलं, "विचारून काय उपयोग, ते सगळ्यालाच हो म्हणतात." तरी म्हणाले, "कारखाना त्यांचा आहे. मी पुतण्याला घेऊन येतो, त्यांच्यासमोर बोलू. मला बरं वाटेल." त्यांना बरं वाटेल तर वाटू दे. एवढी वर्षं आम्हाला काम दिलंय.

१५ एप्रिल

पुतण्या नुसती जागा बघायला आला. हसरा आहे. टेबलाखाली वाकून नळ पाहिला, खिडकी किती मोठी ते पाहिलं, यंत्राची बिजागरी उघडून मिटून पाहिली. "काकू, एकदम मस्त. इथे आलो की आपली लाईफ सेट!"

आतल्या खोलीतून आवाज, "सेट."

तो दचकला आणि मग हसत सुटला. मीही हसले. खरंच हसू आलं. हसता हसता एकदम आवरेना, म्हणून चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले. चहा टाकलाच नाही.

१८ एप्रिल

कारखाना आवरला. पुतण्याला लागेल ते टेबलावर, न लागेल ते पोत्यात. जुने साचे कितीतरी! प्रत्येक साचा म्हणजे कुणाचं तरी तोंड. ह्यांनी एकही टाकला नव्हता. मला सगळे सारखे. ह्यांना विचारलं असतं तर सांगितलं असतं, हे मास्तर, ही भाजीवाली, या आजोबांची खालची कवळी सारखी हरवते.

एक पुरी केलेली कवळी मिळाली, नमुन्याची. खिडकीत धरून पाहिली. पुढचा एक दात ह्यांनी किंचित कलता बसवला होता, मुद्दाम. मागे एकदा विचारलं होतं तेव्हा म्हणाले होते, "सगळे सरळ केले तर माणूस खोटा दिसतो." त्या दिवशी हे केवढं बोलले होते! आणि मी काय केलं? सरळ ओळ लावली, आणि वर दाढा उलट्या.

नणंद संध्याकाळी आली. मदत केली, मुकाट्याने. पोती बांधताना म्हणाली, "वहिनी, दादाला खरंच काय वाटत असेल गं?" मी म्हटलं, "मला काय माहीत." तिने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत दादाबद्दल मी असं पहिल्यांदाच म्हटलं असेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आम्ही दोघी पोत्यांवर बसून राहिलो. भांडायलाही काही शिल्लक नव्हतं.

ह्यांना उद्याचं सांगितलं. सांगायचं म्हणून. उत्तराला थांबले नाही.

१९ एप्रिल

डॉक्टर, पुतण्या, नणंद. सगळे ह्यांच्या पलंगाभोवती. डॉक्टरांनी नीट, हळू विचारलं, "कारखाना याच्या हाती द्यायचा आहे. तुमची संमती आहे का?" ह्यांच्या ओठांची हालचाल सुरू झाली. नणंद म्हणाली, "दादाची संमतीच आहे." मी म्हटलं, "हो हो, आहे. त्यांनी मला कधीच—"

"गप."

ह्यांचा आवाज, स्वच्छ. माझ्याकडे बघून. सगळ्यांनी ऐकलं. ह्यांचे ओठ पुन्हा हलत होते, काहीतरी शोधत.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. नणंद बसली. मी उभीच राहिले, आणि वाट पाहिली.

अजून पाहतोय सगळे. चहाच्या निमित्ताने उठून एवढं लिहिलं. आत जाते.